पिंगलेची रात्र आणि शिकागोचा विमानतळ



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय आठवा, पिंगलेची कथा.

आपल्या रोजच्या वाचनात गेले काही दिवस अवधूताचे चोवीस गुरू चालू आहेत. पृथ्वी झाली, वारा झाला, अजगर झाला, समुद्र झाला. आज पिंगला. पुष्कळ जणांना ही कथा वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. आमच्या भजनी मंडळातही पूर्वी हा भाग आला की वाचणारी बाई आवाज खाली करायची. गणिकेची कथा, मोठ्याने काय वाचायची! पण नाथांनी ती संकोच न करता सांगितली आहे, आणि अवधूताने तर तिला सरळ गुरूच केलं आहे. तेव्हा आपणही सरळच बोलू.

कथा थोडक्यात अशी. विदेहाच्या नगरीत, म्हणजे मिथिलेत, पिंगला नावाची एक गणिका होती. एका संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहिली. रस्त्याने येणारा जाणारा प्रत्येक माणूस दिसला की तिला वाटायचं, हा येईल, हा भरपूर पैसे देईल. तो पुढे निघून जायचा. मग ती आत जायची, पुन्हा बाहेर यायची. हा नाही तर पुढचा येईल. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड कोरडं पडलं, मन खट्टू झालं. आणि त्या निराशेतच तिला एकदम लख्ख दिसलं की, अगं, जो सगळ्यात जवळ आहे, आतच आहे, त्याला सोडून मी दारातून जाणाऱ्यांकडे बघत बसले! तिने आशा सोडली, अंथरुणावर जाऊन बसली, आणि शांत झोपली.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ती शांत झोपली. बाहेर काहीच बदललं नव्हतं. कुणी आलं नव्हतं, काही मिळालं नव्हतं. तरी झोप लागली.

ही कथा मी पंचवीस-तीस वेळा वाचली असेल, दोनदा तर मंडळात निरूपणही केलं आहे. पण ती माझ्या अंगावर आली गेल्या डिसेंबरात, चोवीस तारखेला, शिकागोच्या विमानतळावर. आज तेच सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते आहे, पण चिंतन लिहायचं आणि स्वतःला वगळायचं, हे काही खरं नाही.

आमची लेक अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉइन या गावी राहते. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो होतो. तीन वर्षं का लागली, ते पुढे येईलच. तोवर आमच्यात बोलणं होतं ते कामापुरतं. ‘जेवलीस का’, ‘बाबांची साखर किती आली’, ‘ठेवते’.

तिकीट असं होतं की शिकागोला दुपारी उतरायचं, रात्र तिथेच काढायची आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन नाताळच्या सकाळी, पुढचं लहान विमान. सुट्टीचे दिवस, त्याच दिवसाचं पुढचं तिकीट फार महाग होतं. निघण्याआधी लेक म्हणाली होती, “आई, हवा बरी असली तर मीच गाडी घेऊन शिकागोला येईन तुम्हाला न्यायला. पाच तासांचा रस्ता आहे. नाही जमलं तर तुम्ही विमानाने या.”

‘हवा बरी असली तर’ हे शब्द माझ्या कानांनी ऐकले. मनाने ऐकलं ते एवढंच, की ती येणार.

उतरलो. पासपोर्टची रांग संपवली, बॅगा घेतल्या आणि पुढच्या विमानाच्या चिठ्ठ्या होत्याच म्हणून तिथेच पट्ट्यावर परत सोडल्या. हातात फक्त दोन पिशव्या उरल्या. फोन सुरू केला तर लेकीचा निरोप आलेला होता : ‘इकडे सकाळपासून बर्फ पडतोय. रस्ते निसरडे आहेत. मी येत नाही. विमानतळाजवळ खोली बुक केली आहे, हॉटेलची गाडी फुकट न्यायला येते. फोन करा म्हणजे येईल. जेवा आणि झोपा. उद्या भेटू.’

आमच्या ह्यांचा स्वभाव तुम्हाला मागच्या लिखाणातून ठाऊक आहेच. ते लगेच म्हणाले, “मग आपणच गाडी भाड्याने घेऊ. आत्ता निघालो तर रात्री नऊपर्यंत तिच्या दारात.” कराडच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना त्यांनी खिशातून काढून दाखवला. “कुंभार्ली घाट पावसात रात्री उतरलेला माणूस आहे मी. मला बर्फाचं काय सांगता!”

ओहेरच्या या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांची एक वेगळी मोठी इमारतच आहे. तिथे न्यायला विमानतळाची स्वतःची छोटी आगगाडी फुकट फिरत असते. म्हणजे मोह अगदी पाच-दहा मिनिटांवर होता. मी म्हटलं, “नको.” वीस-बावीस तासांची झोप नाही, गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालवायची, डिसेंबरात तिथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि वर बर्फ. कारणं सगळी बरोबर होती. ह्यांनी ऐकलं.

पण मंडळी, खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. खरं कारण असं की आपण आपले गेलो असतो तर लेकीला न येण्याची सूट मिळाली असती. मला ती सूट द्यायची नव्हती. ती यायला हवी होती.

मग काय, बसले. बाहेर येण्याच्या दरवाजासमोर खुर्च्या होत्या, तिथे बसले. “दहा मिनिटं बसू, पाय भरून आलेत,” असं ह्यांना सांगितलं. दहा मिनिटांचे दीड तास झाले. समोरची काचेची दारं उघडत होती, मिटत होती. नाताळची आदली संध्याकाळ, प्रत्येक जण कुणाला तरी घ्यायला आलेला. कुणाच्या हातात फुगे, कुणाच्या हातात नाव लिहिलेला पुठ्ठा. एक आजोबा लोकरीची लाल टोपी घालून उभे होते, आणि दारातून दोन लहान पोरं पळत येऊन त्यांच्या पायांना बिलगली.

आणि मी काय बघत होते? लांब कोट घातलेली, मध्यम उंचीची प्रत्येक मुलगी. निरोप वाचून झाला होता. येत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी प्रत्येक वेळी बाहेरचं दार सरकलं की वाटायचं, आली असेल. आपल्याला चकित करायला मुद्दाम तसं लिहिलं असेल. ती मुलगी जवळ यायची, कुणी दुसरीच निघायची. मग पुढची.

तेव्हासुद्धा मला पिंगला आठवली नाही हो! इतकी वर्षं वाचन करून ही अवस्था. मनात चाललं होतं ते एवढंच, की आम्ही सातासमुद्रापलीकडून आलो आणि हिला पाच तास येता येत नाही.

शेवटी हे उठले. म्हणाले, “इथे बसून काय होणार? गाडी नको तर नको. पण आगगाडी आहे ना! चल, विवेकानंदांचं ठिकाण बघून येऊ. पुन्हा कधी येणार आपण?”

शिकागोची ही ब्लू लाइन रात्रंदिवस चालते. विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. आम्ही उतरलो त्या पाच नंबरच्या टर्मिनलवरून आधी ती फुकटची छोटी गाडी धरायची, दुसऱ्या टर्मिनलला यायचं, आणि भुयारातून चालत स्टेशन. तेव्हा विमानतळावरून चढताना माणशी ५ डॉलर पडले, परतताना २.५०. बँकेचं कार्ड दांड्याला लावलं की फाटक उघडतं. पाऊण तासात भर शहरात. गाडीच्या एका कोपऱ्यात एक माणूस दोन आसनांवर अंगाची मुटकुळी करून झोपला होता, पायाशी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या. रात्रभर चालणाऱ्या गाडीत ऊब असते, म्हणून घर नसलेली माणसं तिथे रात्र काढतात. लोक त्याच्या बाजूने सावकाश जात होते, कुणी त्याला उठवत नव्हतं.

जॅक्सन स्टेशनला उतरून आम्ही तलावाच्या दिशेने चालत गेलो. दहा मिनिटांचं अंतर, पण वारा असा की बोटं बधिर. मिशिगन अव्हेन्यूवर कलासंग्रहालयाची ती मोठी दगडी इमारत. संग्रहालय बंद झालेलं होतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ब्राँझचे सिंह, आणि नाताळ म्हणून त्यांच्या गळ्यात हिरव्या पानांचे मोठाले हार. ह्यांना ते फार आवडलं. म्हणाले, “बघ, आपल्याकडे नंदीला घालतात, इथे सिंहाला.” रस्त्याच्या त्या भागाला स्वामीजींचं नाव दिलेलं आहे, ती पाटी आम्ही शोधून काढली. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद सुरू झाली.

तिथे उभं राहून ह्यांनी मला ती गोष्ट सांगितली. आपण सगळे परिषदेतलं भाषण आठवतो, टाळ्यांचा कडकडाट आठवतो. त्याच्या आदल्या दिवसांचं फारसं कुणी आठवत नाही. स्वामीजी जुलैच्या अखेरीस शिकागोला पोहोचले, तेव्हा कळलं की परिषद सप्टेंबरात आहे. पैसे संपत चालले होते. बोस्टनच्या बाजूला स्वस्ताई म्हणून तिकडे गेले. परिषदेच्या तोंडावर परत आले तर ज्यांच्याकडे जायचं त्यांचा पत्ता हरवलेला. चरित्रकार सांगतात, ती रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर, एका रिकाम्या मालडब्यात झोपून काढली. सकाळी दारोदार विचारत हिंडले, कुणी दार लावून घेतलं. शेवटी दमून रस्त्याच्या कडेला बसून राहिले. आणि समोरच्या घरातून एक बाई आपण होऊन बाहेर आली, त्यांना विचारपूस करून घरात घेऊन गेली. त्या हेल बाई. पुढे स्वामीजी त्यांना आईच्या जागी मानत आले.

मी ऐकत होते. वारा कानात घुसत होता. परक्या गावात, पत्ता हरवलेला, अंगावर भगवं, आणि मालडब्यात झोप. मला वाटलं, आपल्याला तर लेकीने ऊबदार खोली बुक करून दिली आहे, आणि आपण तिला ‘हॉटेलात टाकलं आम्हाला’ असं मनात म्हणतो आहोत.

परतीच्या गाडीत आमच्या समोर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. गळ्यात विमानतळाचं ओळखपत्र. ह्यांनी “ही विमानतळालाच जाते ना?” असं विचारलं आणि बोलणं सुरू झालं. ती रात्रपाळीला निघाली होती, सफाईच्या कामाला. तिची मुलं घरी झोपणार, ती सकाळी परत गेली की मग सगळे मिळून भेटवस्तू उघडणार. “ती उठतात लवकर,” ती हसून म्हणाली, “पण मी येईपर्यंत हात लावत नाहीत.” मग तिने मला विचारलं, “तुमची कुणी वाट बघतंय का?”

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, “हो. आमची मुलगी.”

आणि बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. दुपारपासून मी समजत होते की वाट बघणारी मी. दारात उभी राहिलेली मी. ज्याने यायचं ती लेक. पण वाट तर ती बघत होती! आजची नव्हे. तीन वर्षांची.

आता ते सांगते, जे वर राखून ठेवलं होतं. आमच्या लेकीचं लग्न तिथेच झालं, डे मॉइनला. मुलगा आम्हाला पसंत नव्हता. मुलात काही खोट नव्हती, पण आम्ही ठरवलेला नव्हता आणि आमच्यातला नव्हता, एवढंच. तिने तिकिटं पाठवते म्हटलं होतं. मी सांगितलं की माझी तब्येत बरी नाही, डॉक्टर प्रवास करू नका म्हणतात. मंडळी, माझी तब्येत ठणठणीत होती. त्या आठवड्यात मी पहाटे उठून काकडआरतीला जात होते.

लग्नाच्या दिवशी तिने दाराकडे किती वेळा बघितलं असेल? आई कदाचित चकित करायला येईल, असं तिला वाटलं असेल का? लुगड्यातली, मध्यम उंचीची प्रत्येक बाई तिने निरखली असेल का? मला ठाऊक नाही. पण त्या दुपारी माझ्या डोळ्यांनी जे केलं, त्यावरून मी ओळखू शकते.

हॉटेलच्या गाडीने खोलीवर पोहोचलो. हे पडल्या पडल्या घोरायला लागले. मला झोप नाही. तिथे मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेअकरा, कुकर लावायची वेळ. अंगाला रात्र कळतच नाही. फोनवर एकनाथी भागवत उघडलं. नेमाने जिथे थांबले होते तिथून पुढे. पान उघडलं तो आठवा अध्याय. पुढे पिंगला.

खोटं वाटेल तुम्हाला, पण असंच झालं. आणि त्यात चमत्कार काही नाही. रोज वाचणाऱ्याला कधी ना कधी नेमकी गोष्ट नेमक्या रात्री येतेच. म्हणून तर मी म्हणते, रोज वाचा. दोन ओव्या का होईना.

वाचता वाचता थांबले. आजवर मी निरूपणात सांगत आले होते की पिंगलेने आशा सोडली म्हणजे तिने संसार सोडला, माणसं सोडली. त्या रात्री मला जाणवलं की तसं नाही. ती दारात उभी होती ती माणसाच्या प्रेमासाठी नव्हे. ती मोबदल्यासाठी उभी होती. येणाऱ्याने काय द्यायचं, ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. तिने सोडला तो हिशेब. आणि मीही शिकागोच्या त्या दारासमोर लेकीसाठी बसले नव्हते. मी वसुलीसाठी बसले होते. तिने पाच तास गाडी चालवत यावं, बर्फातून यावं, म्हणजे तिने आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं त्याची फेड झाली, असं माझ्या मनाच्या वहीत लिहिलेलं होतं. लेक सुखरूप राहावी म्हणून घरी थांबली, याचा आनंद होण्याऐवजी मला नाणं बुडाल्यासारखं वाटत होतं. आईच्या मनात हे असू शकतं. असतं. लिहायला कठीण आहे, पण असतं.

मग मी लेकीला निरोप लिहिला. दोनच वाक्यं. ‘तुझ्या लग्नाला आम्ही यायला हवं होतं. माझी तब्येत बरी होती.’

वाटलं, उत्तर सकाळी येईल. लगेच आलं. म्हणजे तीही जागी होती. लिहिलं होतं, ‘माहीत होतं. झोप आता.’

एवढंच. मी फोन उशाशी ठेवला, आणि मंडळी, मला झोप लागली. गाढ. सकाळी ह्यांनी हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मी फुगवून सांगणार नाही. विमान तासाभराचं. लहानसा विमानतळ. लेक आणि जावई दोघं उभे होते, हातात आमच्यासाठी जाड कोट. रडारड झाली नाही, कुणी कुणाच्या पाया पडून माफी मागितली नाही. जावयांनी बॅगा उचलल्या, “आई, इथे बर्फावर पाय जपून टाका,” म्हणाले आणि माझा हात धरला. घरी गेल्यावर लेकीने आलं घातलेला चहा केला. साखर बरोबर माझ्या चवीची होती. तीन वर्षांत ती विसरली नव्हती. अजूनही आमच्यात काही गोष्टी बोलायच्या राहिल्या आहेत. पण आता बोलणं कामापुरतं नाही.

आता थोडं चिंतन करू, आणि थांबू.

पहिली गोष्ट. आशा सोडणं म्हणजे माया सोडणं नव्हे. आपल्यातले पुष्कळ जण वैराग्य म्हटलं की कोरडेपणा समजतात. मुलं परदेशी गेली, आता आपला काय संबंध, हरी हरी करत बसायचं. हे वैराग्य नव्हे, हा रुसवा आहे, त्याला फक्त तुळशीची माळ घातलेली. पिंगलेची आशा सुटली तेव्हा तिचं मन मोकळं झालं, कडू झालं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सोडल्यावर झोप लागली तर ते वैराग्य. सोडल्यावरही तळमळ राहिली तर तो रुसवा.

दुसरी गोष्ट, अजगराची. अजगर पडल्या जागी राहतो, दैवाने येईल ते घेतो. आपण हसतो, आळशी म्हणतो. पण आपल्या हातात नसलेल्या रात्री तो फार उपयोगी पडतो. त्या संध्याकाळी गाडी घेऊन निघणं म्हणजे पुरुषार्थ वाटला असता. खरं तर ती घाई होती. काही अंतरं आपण कापायची नसतात, ती रात्र कापते. आपण तेवढी रात्र नीट राहायचं. आणि अजगराचा अर्थ नुसतं पडून राहणं असाही नाही. आलेली रात्र नाकारायची नाही, एवढाच तो अर्थ. आलेल्या रात्रीत आगगाडी होती, थंडी होती, सिंहाच्या गळ्यातले हार होते, रात्रपाळीला निघालेली एक माउली होती. दारासमोरच्या खुर्चीत बसून राहिले असते तर हे काहीच भेटलं नसतं.

तिसरी गोष्ट. नाथांचा हा ग्रंथसुद्धा एका गावात बसून झालेला नाही. आरंभ पैठणात आणि समाप्ती काशीत. ग्रंथ अपुरा असताना घर सुटलं, गाव बदललं, तरी वाणी थांबली नाही. आपण म्हणतो, प्रवासात नेम चुकतो. नेम प्रवासात चुकत नाही. तो आपण घरीच विसरून जातो आणि बोट प्रवासाकडे दाखवतो.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं तिकडे आहेत, सणासुदीला अशी एखादी रात्र तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून अनुभवाचे चार शब्द. जड सामान पुढे पाठवता येतं का ते आधीच विचारून ठेवा. औषधं, चष्मा, एक लोकरीची शाल आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा. दशम्या, चटणी असू द्या, पण फळं नेऊ नका, तिकडे उतरताना टाकायला लावतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानं, उपाहारगृहं लवकर बंद होतात, म्हणून जेवणाचं आधी बघा. हॉटेलची गाडी फोन केल्यावर येते, तो नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. झोप झालेली नसताना परक्या देशात गाडी चालवायला घेऊ नका, परवाना खिशात असला तरी. आणि न्यायला येणारा आला नाही तर आधी त्याच्या बाजूने विचार करा, मग आपल्या.

आजचा संकल्प : आज दिवसभरात आपण कुणाच्या फोनची, कुणाच्या येण्याची, कुणाच्या ‘चुकलं’ म्हणण्याची वाट बघतो आहोत, ते एकदा स्वतःशी प्रामाणिकपणे बघू या. आणि मग उलटं विचारू या : माझी वाट कोण बघतंय? त्या माणसाला आज दोन वाक्यं लिहू या. मोठं पत्र नको. दोनच वाक्यं, पण खरी.

प्रार्थना : पांडुरंगा, तू तर युगानुयुगं उभाच आहेस, कटेवर हात ठेवून. तूही वाट बघतोस, पण हिशेब न ठेवता. उशिरा आलेल्याला तू विचारत नाहीस, इतके दिवस कुठे होतास. तसं थोडं वाट बघणं आम्हाला शिकव. आणि आमची वाट बघणारं कुणी दारात उभं असेल, तर आमची पावलं आजच तिकडे वळव.

उद्या अध्याय नववा, कुरर पक्षी आणि त्याच्या चोचीतला मांसाचा तुकडा. तोही सोडण्याचाच धडा आहे. वाचून या.

रामकृष्ण हरी.